कामगार कोणाचा? जो शिक्षा करतो त्याचा!

आंब्याचा हंगाम जवळ आला की रत्नागिरीच्या बागांपासून पॅकिंगच्या शेडपर्यंत माणसांची टंचाई भासू लागते. पावसाळी बंदी संपून नौका पुन्हा समुद्रात जाऊ लागतात तेव्हा मिरकरवाड्यात खलाशांसाठी हीच धावाधाव असते. मिरजोळे किंवा लोटे येथील कारखानदारालाही हमाली, सफाई आणि राखणीसाठी ठेकेदाराकडे जावे लागते. माणूस मिळेपर्यंत एक चिंता आणि मिळाल्यावर दुसरी. तो वेळेवर येत नाही, माल खराब करतो, उचल घेऊन निघून जातो. मग मालक चिडतो आणि निकाल देतो : "उद्यापासून येऊ नकोस!"

हा निकाल सर्वात महाग पडतो, असे आमचे मत आहे. आपले व्यापारी बंधू मालाची पावती जपून ठेवतात, पण कामगाराच्या बाबतीत कागदाला कंटाळतात. वाद कामगार आयुक्तांच्या कार्यालयात गेला की नेमका कागदच विचारला जातो.

झोपलेल्या कामगाराची गोष्ट

पुण्याच्या भारत फोर्ज कारखान्यात २६ ऑगस्ट १९८३ रोजी सकाळी एक कामगार कामाच्या जागीच लोखंडी पत्र्यावर गाढ झोपलेला आढळला. यापूर्वीही तीन वेळा त्याच्याकडून गैरवर्तन घडले होते. कंपनीने त्याला आरोपपत्र दिले, चौकशी केली आणि मगच कामावरून काढले. कामगार न्यायालयाला ही शिक्षा कठोर वाटली. दावा वरच्या न्यायालयांत फिरत राहिला. अखेर जानेवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी योग्य ठरविली.

ज्याच्याजवळ सर्व कागद होते, त्या कंपनीलाही निकालासाठी एकवीस वर्षे थांबावे लागले. ज्याच्याजवळ एकही कागद नाही, त्याचे काय होईल याचा विचार प्रत्येकाने करावा. आधीच्या तीन चुकांची लेखी नोंद होती, म्हणूनच चौथ्या चुकीला वजन आले.

चौकशी म्हणजे काय?

ही काही वकिलांचीच विद्या नाही. प्रथम चूक काय, कोणत्या दिवशी आणि कोणासमोर झाली, हे लिहून कामगाराला द्यावे. खुलाशासाठी त्याला पुरेसे दिवस द्यावेत. खुलासा पटला नाही तर चौकशी नेमावी. ज्याने तक्रार केली त्यानेच चौकशी करू नये. फिर्यादी आणि न्यायाधीश एकच असला तर तो न्याय राहत नाही. साक्षीदार कामगारासमोर बोलावेत आणि त्याला त्यांना प्रश्न विचारता यावेत. शेवटी चुकीच्या मानाने शिक्षा द्यावी. उशिरा येण्याला समज, चोरीला बडतर्फी. दोन्हींना एकच माप लावू नये.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. स्थायी आदेशांचे बंधन ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना आहे. तेथे निलंबित कामगाराची चौकशी साधारणतः ९० दिवसांत संपवावी लागते आणि तोवर त्याला निम्मे वेतन निर्वाह भत्ता म्हणून द्यावे लागते. दहा-वीस माणसांच्या कारखान्याला हे बंधन नाही, परंतु तोही हाच मापदंड ठेवील तर त्याची बाजू बळकट राहील.

पगारातून मनमानी कापाकापी मात्र लहान-मोठ्या कोणालाच करता येत नाही. दंड वेतनाच्या तीन टक्क्यांपलीकडे नसावा आणि तोही कामगाराचे म्हणणे ऐकल्यावरच. माल खराब झाल्याची भरपाईसुद्धा त्याला विचारल्याशिवाय कापता येत नाही. काढलेल्या कामगाराचा हिशोब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करावा लागतो. घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याची शिकवण ज्यांनी लहानपणापासून ऐकली आहे, त्यांना हा नियम जड वाटू नये.

ठेकेदाराचा माणूस

अनेकांना वाटते, माणसे मुकादमाची, मग झंझटही त्याचीच. हा समज अर्धाच खरा आहे. मुकादमाने मजुरी बुडविली तर ती मूळ मालकाला द्यावी लागते. भविष्य निर्वाह निधीचेही तसेच.

सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात सांगितले की, ठेकेदाराची माणसे आपोआप मूळ मालकाची होत नाहीत; परंतु ठेका केवळ कागदी असेल तर ती मालकाचीच मानली जातील. मग नेमणूक कोणी केली, पगार कोण देतो, रजा कोण मंजूर करतो, शिक्षा कोण करतो, हे पाहिले जाते. कोणते काम कोठे करायचे एवढे सांगितल्याने कोणी मालक होत नाही. पण आपण ठेकेदाराच्या माणसाला नोटीस दिली, दंड केला, काढून टाकले, तर आपणच त्याचे मालक असल्याचा पुरावा आपल्या हाताने तयार केला. म्हणून त्याच्याविषयी तक्रार असेल तर ती ठेकेदाराला लेखी कळवावी. कारवाई त्याने करावी.

५० किंवा अधिक ठेका कामगार असतील तर परवाना असलेलाच ठेकेदार घ्यावा. नव्या संहितेप्रमाणे अशा ठिकाणी मुख्य उत्पादनाचे काम ठेक्याने देता येत नाही. अचानक काम वाढणे यासारखे मोजके अपवाद आहेत. सफाई, राखण, उपाहारगृह, चढ-उतार ही कामे देता येतात.

उचल आणि बेडी

खलाशाला किंवा बागेतील राखणदाराला उचल देण्याची आपल्याकडे रीत आहे. ती पगारातून वळती करता येते, परंतु सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्यापुढे जाऊ नयेत. उचल फिटेपर्यंत माणसाला अडवून ठेवणे, त्याची ओळखपत्रे ताब्यात घेणे हे वेठबिगारीकडे नेणारे आहे, आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी हा गुन्हा आहे. पैसे बुडण्याची भीती खोटी नाही. त्यावर उपाय म्हणजे लहान उचल, लेखी नोंद आणि दोघांच्या सह्या.

आमची विनंती एवढीच की, प्रत्येक दुकानदाराने, नौकामालकाने आणि कारखानदाराने आजच तीन वह्या घालाव्यात : हजेरीची, पगार-उचलीची आणि तक्रार-खुलाशाची. ठेकेदाराशी करार असेल तर त्याची प्रत आणि त्याने मजुरी दिल्याच्या दर महिन्याच्या पावत्याही सोबत ठेवाव्यात. खर्च शंभर-दोनशे रुपयांचा आहे. राग आला की प्रथम वही उघडावी, तोंड नंतर. चुकणाऱ्याला सुधारण्याची संधी मिळेल आणि प्रामाणिक कामगाराला कळेल की येथे कोणाच्या मर्जीवर नव्हे, नियमावर काम चालते. अशा मालकाकडे माणसे टिकतात, आणि टंचाईच्या हंगामात हाच सर्वात मोठा नफा आहे.