एक कप पिण्यासाठी, एक वाटी रंगासाठी

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा दिलेल्या मुली आपल्या घराघरांत आहेत. पुढे प्रमाणपत्रे फाइलमध्ये जातात, ब्रश वाळून कडक होतात आणि चित्रकलेपैकी उरते ती चाँदरातची मेहंदी. का सोडले, असे विचारले तर उत्तरे ठरलेली असतात. रंग महाग, जागा नाही, पसारा होतो, वेळ मिळत नाही. या साऱ्या अडचणींवर एक सोपी वाट आहे आणि ती स्वयंपाकघरातल्या फळीवर, कॉफीच्या बरणीत आहे. कॉफीने चित्र काढता येते. त्यासाठी दुसरा कोणताही रंग लागत नाही, आणि चित्र वाळेपर्यंत शेजारी पिण्याचा कपही ठेवता येतो.

कहव्याचा प्रवास

कॉफी म्हणजे साहेबी पेय, असा आपल्याकडे एक समज आहे. प्रत्यक्षात हे पेय जगाला मिळाले ते येमेनमधून. पंधराव्या शतकात तिथले सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहावे म्हणून ते पीत. अरबीतला ‘कहवा’ तुर्कीत ‘काहवे’ झाला आणि युरोपात पोहोचेपर्यंत ‘कॉफी’. येमेनच्या मुखा बंदरातून ती जगभर जाई. आजचा ‘मोका’ हा शब्द त्याच बंदराचा.

वाटेत अडथळेही आले. 1511 मध्ये मक्केतील ममलूक अधिकारी खैर बेग याने कॉफीवर बंदी घातली. लोक कॉफीच्या निमित्ताने एकत्र बसतात, बोलतात, हेही त्याला खटकत होते. कैरोच्या दरबाराने ही बंदी पूर्णपणे मान्य केली नाही आणि कहवा टिकला. हिंदुस्थानात तो कसा आला, याची परंपरागत कथा बाबा बुदन यांच्या नावाने सांगतात. सतराव्या शतकात हजहून परतताना त्यांनी येमेनमधून सात बिया आणल्या आणि कर्नाटकात चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या. त्या डोंगराला आजही बाबा बुदनगिरी म्हणतात.

एका रंगाची जुनी रीत

एकाच तपकिरी रंगात चित्र कसले, असे कुणी म्हणेल. मुघल चित्रशाळांत ‘नीम कलम’ नावाची एक शैली होती. नीम म्हणजे अर्धा. भडक रंग भरण्याऐवजी शाईच्या बारीक रेषा, तपकिरी-करड्या पातळ छटा आणि क्वचित कुठे थोडे सोने, एवढ्यावर ते चित्र उभे राही. रंग कमी झाले की नजर उजेड आणि सावली शोधू लागते.

खत्तात, म्हणजे सुलेखनकार, यांनाही पांढराशुभ्र कागद डोळ्यांना खुपे. म्हणून चहा, कांद्याची साल, डाळिंबाची साल अशा घरगुती वस्तूंच्या पाण्याने ते कागद रंगवीत. नंतर त्यावर खळीचा, किंवा अंड्याचा पांढरा बलक आणि तुरटी यांचा लेप देऊन गुळगुळीत दगडाने घोटत. स्वयंपाकघर आणि चित्रकला यांचे नाते असे फार जुने आहे.

साहित्य आणि तयारी

झटपट विरघळणारी इन्स्टंट कॉफी घ्यावी. किराणा दुकानात मिळणारी छोटी पुडीही एका चित्राला पुरते. फिल्टर कॉफीचा काढा चालतो, पण त्याची छटा फिकी येते. दूध आणि साखर अजिबात घालू नये. कागद चिकट होतो, मुंग्या लागतात आणि बुरशी धरते. कागद जाड हवा. वॉटरकलर पेपर, शक्यतो 300 जीएसएमचा, पाण्याने फारसा सुरकुतत नाही. सरावासाठी ड्रॉइंगचा जाड कागद पुरे. गोल टोकाचे दोन ब्रश घ्यावेत, एक बारीक आणि एक मध्यम. जुना सुती कपडा हाताशी असावा.

तीन वाट्या घ्या. पहिलीत पाव चमचा कॉफी आणि चार चमचे गरम पाणी, ही फिकी छटा. दुसरीत एक चमचा कॉफी आणि चार चमचे पाणी, ही मध्यम. तिसरीत एक चमचा कॉफीला एकच चमचा पाणी, ही गडद. प्रत्येक छटा आधी एका चिटोऱ्यावर लावून, वाळवून पाहावी. ओली असताना दिसते तशी ती वाळल्यावर दिसत नाही.

पहिले चित्र

सुरुवातीला आठ टोकांची चांदणी काढावी. एक चौकोन काढायचा, त्याच मध्यबिंदूवर तेवढाच दुसरा चौकोन तिरपा ठेवायचा, की झाली चांदणी. मशिदींच्या फरशांवर आणि जाळ्यांत ती आपण पाहिलेली असते. पेन्सिल हलकी फिरवा.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. कॉफीत पांढरा रंग नाही. चित्रात जिथे उजेड हवा, तिथे कागद तसाच कोरा सोडायचा. काय रंगवायचे याआधी काय सोडायचे, हे ठरवावे लागते. मेहंदी काढणाऱ्या हाताला हे लगेच समजते, कारण तिथेही नक्षी खुलते ती मोकळ्या सोडलेल्या जागेमुळे.

आधी फिकी छटा सगळीकडे, मग मध्यम, शेवटी गडद. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा, नाहीतर खालची कॉफी पुन्हा विरघळून डाग पसरतो. हाच गुण उपयोगीही पडतो. एखादी जागा जास्त काळी झाली तर ओला ब्रश फिरवून कपड्याने टिपून घ्यावी, छटा उजळते.

कप ठेवला की टेबलावर गोल डाग पडतो, त्याची कड गडद आणि मध्य फिका असतो. थेंबाच्या कडेचे पाणी लवकर उडते, त्याची जागा घ्यायला आतले पाणी कडेकडे वाहते आणि सोबत कॉफीचे कण नेऊन सोडते. 1997 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत संशोधकांनी हे कारण मांडले. चित्रात याचा फायदा घ्यावा. पाकळीत भरपूर ओली फिकी छटा भरून हात न लावता वाळू दिली, की तिला आपोआप रेखीव किनार येते.

चांदणी जमली की इमारती घ्याव्यात. बीबी का मकबऱ्याचा घुमट फिक्या-मध्यम छटांनी गोलाई शिकवतो. मुरूड-जंजिऱ्याचे काळपट बुरूज गडद वाटी रिकामी करतात. खताची हौस असेल तर अलिफ, बे अशा सुट्या अक्षरांचा सराव करावा. अलिफची उंची नुक्त्यांनी मोजायची ही रीत दहाव्या शतकातल्या इब्न मुक्ला यांच्या नावाने ओळखली जाते. सरावाचे कागद शेवटी रद्दीत जातात, म्हणून त्यांवर पवित्र आयती लिहू नयेत.

आणि पिण्याचा कप

थर वाळायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. तेवढ्यात अरबी पद्धतीचा कहवा करता येतो. दोन कप पाण्यात चिकोरी नसलेली, फार काळी न भाजलेली, जाडसर दळलेली दोन चमचे कॉफी घालून मंद आचेवर पाच-सहा मिनिटे उकळावी. दोन वेलच्या ठेचून टाकाव्यात, गाळ खाली बसू द्यावा आणि गाळून घ्यावे. साखर नको, सोबत खजूर. अरब घरांत हा कहवा ‘दल्ला’ नावाच्या चोचीच्या भांड्यातून बिनकानाच्या छोट्या ‘फिंजान’मध्ये देतात. पाहुण्याने रिकामी फिंजान हलवली की ‘आता पुरे’ असे समजतात. आतिथ्याची खूण म्हणून 2015 मध्ये युनेस्कोने या परंपरेची नोंद घेतली.

पिण्याचा कप उजव्या हाताशी ठेवू नये. ब्रश त्यातच बुडतो. लहान मुलांनी कॉफीने रंगवावे, पण प्यायला त्यांना दूधच द्यावे. मोठ्यांनीही संध्याकाळनंतर बेताने प्यावी, झोप उडते.

चित्र टिकवायचे तर

इन्स्टंट कॉफी हवेतला ओलावा ओढून घेते. त्यामुळे फार दाट थर पावसाळ्यात चिकट होतात, विशेषतः कोकणात. गडदपणा एकाच दाट थराने आणण्यापेक्षा दोन-तीन पातळ थरांनी आणावा. चित्र काचेच्या फ्रेममध्ये, थेट ऊन न येणाऱ्या भिंतीवर लावावे. उन्हाने छटा उडते. उरलेले रंगाचे पाणी झाकून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते, वास बदलला की टाकून द्यावे. त्या बाटलीवर चिठ्ठी लावावी, नाहीतर कुणीतरी दूध घालून पिऊन टाकेल.

राहता राहिली वेळ. दुपारची भांडी आवरल्यावर आणि मुले शाळेतून येण्याआधी अर्धा तास बहुतेक घरांत निघतो, पण तो कुणाच्या नावावर नसतो, म्हणून कशातही जातो. आठवड्यातून दोनदा तो अर्धा तास घरातल्या बाईच्या किंवा मुलीच्या नावावर करून द्यावा आणि त्या वेळात तिला कुणी हाक मारू नये. तिची जुनी प्रमाणपत्रे फाइलमधून काढून तिच्यासमोर ठेवावीत. कागद, ब्रश आणि कॉफीची पुडी आणण्याचे काम घरातल्या पुरुषांनी करावे. येत्या ईदला बाजारातली कार्डे न आणता तिच्या हातच्या चांदण्या नातेवाइकांकडे पाठवाव्यात, आणि खाली कोपऱ्यात तिने आपले नाव लिहावे.