खोडव्यातील नांग्या : आधी कारण, मग रोप



ऊस तुटून गेला, पाणी दिले, की महिन्याभराने बांधावरून खोडवा हिरवागार दिसतो. पण सरीत उतरून चालून पाहा. मध्येच दोन फूट, तीन फूट जागेत बेटच नसते. ह्याच नांग्या. पाणी अन् खत ह्या जागेलाही जाते, ऊस मात्र येत नाही.

हिशेबच करू. चार फुटी सरी असेल तर एकरात सुमारे १०,९०० फूट लांबीची सरी बसते. शंभर फुटांत दहा फूट जागा मोकळी निघाली, तर एकरी १,०९० फूट सरी रिकामी राहिली. दोन फुटांवर एक रोप धरले तर साधारण ५४५ रोपे लागतील. रानात पाच-सहा ठिकाणी शंभर-शंभर फूट मोजले की आपला आकडा आपल्याला कळतो.

मात्र रोप लावण्याआधी बेट का गेले ते बघितले पाहिजे. बुडखा उकरून पाहावा. मुळ्या खाल्लेल्या असतील आणि मातीत पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी सापडली, तर ती हुमणी. तिचा बंदोबस्त न करता रोप लावणे म्हणजे तिला चारा घालणे. बेटाला गवतासारखे बारीक, फिकट फुटवे पुष्कळ आले असतील तर ती गवताळ वाढ. शेंड्यातून काळा चाबूक निघाला असेल तर काणी. चाबकावर आधी पिशवी चढवून तो कापावा, म्हणजे काळी भुकटी रानभर उडणार नाही. ह्या दोन्ही रोगांची बेटे मुळासकट खणून रानाबाहेर जाळावीत. रोगट बेटे फार असतील तर तो खोडवा ठेवूच नये. जागा पाणथळ असेल तर आधी चर काढावा. गाडीच्या चाकाने माती दबली असेल तर कुदळीने मोकळी करावी.

आता भरायचे कशाने? पुष्कळ जण नांगीत टिपरे दाबून मोकळे होतात. ते उगवून वर यायला महिना जातो. तोवर शेजारची बेटे फुटून उंच होतात आणि नवा कोंब सावलीत बसतो. म्हणून पिशवीतले एक डोळ्याचे रोपच लावावे. रोप तयार व्हायला पाच-सहा आठवडे लागतात, थंडीत थोडे जास्तच. तेव्हा तोडीचा अंदाज घेऊन आधीच पिशव्या भराव्यात. बेणे निरोगी मळ्यातले आणि खोडव्याच्याच जातीचे घ्यावे, म्हणजे पक्वता पुढेमागे होत नाही.

तोडणीनंतर महिना-दीड महिन्याच्या आत नांग्या भरून घ्याव्यात. जागेवरचे पाचट बाजूला सारून खड्डा घ्यावा. रोपाच्या पानांचे शेंडे छाटावेत, पिशवी फाडून काढावी, मुळांभोवतीची माती फुटू देऊ नये. काम उन्हे कलल्यावर करावे. लगेच पाणी द्यावे आणि तीन-चार दिवसांनी चिंबवणी करावी. पंधरा दिवसांनी पुन्हा फेरी मारून मर झालेली रोपे बदलावीत. त्यासाठी थोड्या पिशव्या राखून ठेवाव्यात.

लागणीचा खर्च एकदा झालेला असतो. खोडव्यात पैसा उरतो तो ह्याचमुळे. तो नांग्यांत घालवू नये, एवढेच आमचे सांगणे.