व्हिनेगर, पट्टी की ब्रश? गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची कोणती तपासणी जीव वाचवते, हे धाराशिवमध्ये कळलं

गर्भाशयमुखाचा कॅन्सर वेळेत पकडायचा तर कोणती तपासणी करावी? याचं एक मोठं उत्तर तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या गावांमधून मिळालं.

टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ मध्ये इथे अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिला, गावांचे ५२ समूह, चार गट. तीन गटांसाठी तीन वेगळ्या तपासण्या, त्याही एकदाच. चौथ्या गटाची तपासणी केली नाही. यावर पुढे बरीच टीका झाली, आणि ती चुकीची म्हणता येत नाही.

व्हीआयए सर्वांत सोपी. गर्भाशयमुखावर व्हिनेगरसारखं पातळ द्रावण लावतात, पांढरा डाग उमटतो का ते डोळ्यांनी पाहतात. निकाल लगेच.

पॅप स्मिअरमध्ये पट्टीने पेशी खरवडून काचेवर पसरतात. इथे साधन आणि हात दोन्ही नीट लागतात. हा कॅन्सर बहुतेकदा गर्भाशयमुखाचं बाहेरचं आणि आतलं अस्तर जिथे मिळतं, तिथे सुरू होतो. पट्टीचं टोक तिथवर पोचलं नाही, तर आजार असूनही रिपोर्ट 'नॉर्मल' येऊ शकतो. म्हणून लांब टोकाची पट्टी किंवा सोबत ब्रश वापरतात. शिवाय काच वाचणारी नजर तरबेज हवी.

एचपीव्ही चाचणीतही नमुना ब्रशने घेता येतो, पण मशीन थेट विषाणूचा डीएनए शोधतं. पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. पुढची तपासणी हवी, एवढंच.

निकाल २००९ मध्ये आला. आठ वर्षांत तपासणी न झालेल्या गटात या कॅन्सरने ६४ मृत्यू झाले, एचपीव्ही गटात ३४. पॅपच्या गटात ५४, व्हीआयएच्या गटात ५६. हे दोन फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकले नाहीत.

मग व्हीआयए टाकाऊ? नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा मेमोरियलने तीच चाचणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली, तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. फरक पुन्हा पुन्हा करण्याचा होता. केंद्राच्या २०१६ च्या सूचनांमध्येही ३० ते ६५ वयाच्या महिलांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयएच आहे.

जागतिक आरोग्य संघटना मात्र २०२१ पासून एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती देते. तिचा नमुना बाईला स्वतःच, आडोशाला जाऊन घेता येतो. लाजेपोटी तपासणीचं टेबल टाळणाऱ्या कितीतरी जणींसाठी हीच मोठी सोय आहे.