लोणार आणि सात मिनिटांचे गणित

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकात खणले गेले असून, त्याचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आहे. हे ज्वालामुखीचे मुख असावे, असे पूर्वी अनेक अभ्यासक मानत. परंतु येथील खडकांत मॅस्केलिनाइट, म्हणजे आघाताच्या प्रचंड दाबाने काचेसारखा झालेला फेल्डस्पार, सापडल्याचे 1973 मध्ये प्रसिद्ध झाले आणि विवर अशनिपातानेच झाले, हे मत दृढ झाले. त्याच्या वयाबद्दल मात्र एका पद्धतीने सुमारे 52 हजार, तर दुसरीने सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे असे उत्तर येते.

असे पाषाण बहुधा मंगळ व गुरू यांच्यामधील लघुग्रहांच्या पट्ट्यातून येतात. गुरूची एक प्रदक्षिणा होईपर्यंत जो लघुग्रह तीन पूर्ण करतो, त्याला गुरूची ओढ पुन्हा पुन्हा त्याच लयीत बसते आणि त्याची कक्षा लांबट होत होत पृथ्वीच्या कक्षेला छेदू लागते. तरीही कक्षा छेदणे म्हणजे टक्कर नव्हे. पृथ्वी सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर वेगाने धावत असल्याने स्वतःच्या व्यासाइतके, म्हणजे 12,742 किलोमीटर अंतर ती जेमतेम सात मिनिटांत कापते; तेव्हा दोघांनी छेदबिंदूवर एवढ्या अवधीत हजर असावे लागते. एरवी लोणारच्या जागी साधे पठारच राहिले असते.

बचावाचा मार्गही यातूनच निघतो. लघुग्रहाला पुढे ढकलले, तर तो लवकर पोहोचेल असे वाटते, पण घडते उलटे: वेग वाढल्याने कक्षा मोठी होते, प्रदक्षिणेला अधिक काळ लागतो आणि तो उशिरा येतो. सेकंदाला एक सेंटीमीटर इतकाच फरक दहा वर्षे आधी केला, तर ही पिछाडी ढोबळमानाने नऊ हजार किलोमीटरांवर जाते. सप्टेंबर 2022 मध्ये नासाचे डार्ट यान डिमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवण्यात आले, तेव्हा डिडिमॉस या मोठ्या सोबत्याभोवतीचा त्याचा प्रदक्षिणाकाळ सुमारे अर्ध्या तासाने घटला.

अडचण आहे ती आपल्याच ताऱ्याची. सूर्याच्या दिशेने येणारा पाषाण त्याच्या झगमगाटात दुर्बिणींना दिसत नाही. 15 फेब्रुवारी 2013 रोजी रशियातील चेल्याबिन्स्कवर फुटलेला सुमारे 20 मीटरचा पाषाण असाच आधी कोणालाही न दिसता आला. भारताचे आदित्य-एल1 यान पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने 15 लाख किलोमीटरवरील ज्या बिंदूभोवती जानेवारी 2024 पासून फिरत आहे, त्याच बिंदूपाशी अशा पाषाणांचा शोध घेणारी नासाची अवरक्त दुर्बीण ठेवण्याची योजना आहे.