कॅल्क्युलस टू : खरी मजा उत्तरार्धात

अमेरिकन कॉलेजांतल्या 'कॅल्क्युलस टू'चे पहिले आठवडे बहुधा इंटिग्रेशनच्या युक्त्यांत जातात. बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन्स वगैरे. आपल्याकडे बारावी सायन्स केलेल्यांना हे ओळखीचं. नवं प्रकरण पुढे येतं, अनंत श्रेणींचं!

१ + १/२ + १/३ + १/४... पदं लहान होत शून्याकडे जातात, तरी बेरीज कुठेच थांबत नाही. फ्रान्सच्या ओरेमने हे चौदाव्या शतकातच दाखवलं. १/३ + १/४ अर्ध्याहून जास्त, पुढची चार पदं मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त, मग आठ, मग सोळा. वेग मात्र गोगलगायीचा : बेरीज १० च्या पुढे न्यायला १२,३६७ पदं लागतात.

आता प्रत्येक छेदाचा वर्ग करा. बेरीज थेट पायच्या वर्गाच्या सहाव्या भागावर स्थिरावते. हे ऑयलरने १७३४ मध्ये शोधलं. (वर्तुळ नसताना पाय आला कुठून, हे मला अजून जादूच वाटतं.)

१ − १/३ + १/५ − १/७... ही पायच्या चौथ्या भागाची श्रेणी बऱ्याच पुस्तकांत लायब्निझच्या नावावर असते. केरळच्या माधवाला ती त्याच्या कितीतरी आधी सापडली होती.

परीक्षेत आधी पदं शून्याकडे जातात का ते बघा. जात नसतील तर श्रेणी अपसारी, म्हणजे तिची बेरीज स्थिरावत नाही; काम संपलं. जात असतील तर पुढची टेस्ट लावावीच लागते.