तज्ज्ञांचं विचारमंथन कसं चालतं, आणि जोयड्याचं म्हणणं त्यात कसं पोचवायचं

31 जुलै 2024 रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा काढला. 2014 पासूनचा हा सहावा. सहा राज्यांतलं 56,825 चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात आहे आणि त्यात सर्वांत मोठा वाटा कर्नाटकाचा, 20,668 चौरस किलोमीटर. उत्तर कन्नड जिल्ह्यात जोयडा तालुक्यातली शंभरावर गावं यादीत येतात. मोबाइलवर इंग्रजी पीडीएफ आली की गावात एकच प्रश्न उठतो: हे ठरवलं कोणी, आणि आपल्याला विचारलं कधी?

पीडीएफ आपल्या हाती येते तेव्हा त्यामागचं विचारमंथन होऊन गेलेलं असतं. ते कसं होतं हे कळलं, तर आपलं म्हणणं कुठे आणि कोणत्या स्वरूपात द्यावं हेही कळेल.

सुरुवात पद्धतीपासून करू. पाच-सात जाणकार एका टेबलाभोवती बसवले की नेहमीची अडचण येते. ज्याचं नाव मोठं तो आधी बोलतो आणि बाकीचे त्याच्या सुरात सूर मिसळतात. यावर 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या रँड या संस्थेने एक उपाय करून पाहिला. विषय होता सोव्हिएत हल्ल्याचा: अमेरिकेचं शस्त्रास्त्र उत्पादन खिळखिळं करायला किती अणुबाँब लागतील? सात तज्ज्ञांना एकमेकांसमोर न बसवता स्वतंत्र प्रश्नपत्रिका दिल्या. उत्तरं गोळा केली, कोणाचं कोणतं हे न सांगता त्यातली माहिती सर्वांना कळवली आणि पुन्हा विचारलं. पहिल्या फेरीत अंदाज 50 पासून 5,000 पर्यंत पसरले होते. शेवटी ते 167 ते 360 च्या दरम्यान आले.

हीच पुढे डेल्फी पद्धत म्हणून ओळखली गेली. तिची तीन अंगं आहेत: नाव झाकलेलं, फेऱ्या एकाहून जास्त, आणि दर फेरीनंतर सर्वांना सर्वांचं म्हणणं कळणं. एक मात्र ध्यानात ठेवावं. सगळ्यांचे आकडे जवळ आले म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही. सातही जणांना जी गोष्ट ठाऊक नाही, ती दहाव्या फेरीतही पुढे येत नाही.

इंटरनेट आल्यावर अशा विचारमंथनाचा पसारा वाढला. फेब्रुवारी 2010 मध्ये ब्रुसेल्सच्या एका संस्थेने अटलांटिकच्या दोन्ही काठांवरच्या देशांच्या सुरक्षेवर ऑनलाइन विचारमंथन घेतलं. काही दिवस हजारो लोक आपापल्या ठिकाणाहून सूचना टंकत होते. सैनिकी अधिकारी, मुत्सद्दी आणि सामान्य अभ्यासक एकाच चर्चेत होते.

त्यानंतर महिनाभरात, 4 मार्च 2010 रोजी, माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गट नेमला गेला. आपल्या डोंगरांवरची तज्ज्ञांची मोठी मसलत ती हीच. तिथून मसुद्यापर्यंतच्या पायऱ्या क्रमाने पाहू.

पहिली पायरी म्हणजे कार्यकक्षा, म्हणजे समितीने काय पाहायचं याचा लेखी आदेश. तो कोणी फारसा वाचत नाही, पण निम्मा निकाल तिथेच लागतो. ‘संवेदनशील भाग कोणते?’ असं विचारलं तर उत्तर नकाशाच्या रूपात येतं. ‘इथल्या लोकांनी रान कसं राखलं?’ असं विचारलं असतं, तर वेगळी माणसं बोलवावी लागली असती.

दुसरी पायरी माहिती जमवण्याची. गाडगीळ गटाने 42 अभ्यासलेख मागवले, विचारमंथनाच्या 7 बैठका घेतल्या, नागरी संघटनांशी 40 वेळा चर्चा केली, प्रत्यक्ष फिरूनही पाहिलं. एवढी उघडी पद्धत सरकारी समित्यांत क्वचितच दिसते.

तिसरी पायरी गुण देण्याची. सगळा घाट नकाशावर सुमारे 9 किलोमीटर लांब-रुंद अशा चौकोनांत विभागला. फक्त इथेच उगवणाऱ्या वनस्पती, दुर्मीळ प्राणी, जंगलाचं प्रमाण, उंची, उतार अशा निकषांवर प्रत्येक चौकोनाला गुण दिले. गुणांवरून तीन वर्ग पाडले आणि तालुक्यांना ते लावले. गटाने हेही स्पष्ट लिहिलं की या सीमा अंतिम नाहीत, त्या ग्रामसभांशी बोलून ठरवाव्यात.

चूक होण्याची पहिली मोठी जागा ही. 9 किलोमीटरच्या चौकोनात जोयड्यातल्या अणशीचं दाट रान, कुंभारवाड्याकडची भातशेती आणि एखाद्या वाड्यामागची कुणबी बाईची कंदांची बाग, सगळं एकाच आकड्यात मिसळतं. पावसाळ्यानंतर जोयड्याच्या कंदमुळांच्या मेळ्यात ज्या जाती मांडलेल्या दिसतात, त्या उपग्रहाला दिसत नाहीत. ज्याची कुठे नोंद नाही त्याला गुण मिळत नाहीत. म्हणून आधी आपल्या गावाची नोंद करायला हवी. कायदा येवो न येवो, ती कामाला येते.

चौथी पायरी अहवाल लोकांपुढे ठेवण्याची, आणि इथेच गाडी अडली. अहवाल 31 ऑगस्ट 2011 रोजी सादर झाला, पण माहिती आयोग आणि मग दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेल्यावर, मे 2012 मध्ये, तो जाहीर झाला. तोही इंग्रजीत. ज्या ग्रामसभांनी सीमा ठरवायच्या, त्यांच्या हाती त्यांच्या भाषेतला मजकूर पोचलाच नाही. मधल्या काळात अफवांनी जागा भरली. माझ्या मते घाटाच्या या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोठं नुकसान या महिन्यांत झालं.

राज्याच्या सरहद्दीपलीकडचं एक उदाहरण इथे सांगायलाच हवं. सिंधुदुर्गातल्या असनिये, कळणे, फुकेरी, झोळंबे अशा 25 गावांच्या ग्रामसभांनी स्वतःहून ठराव केले की आमचं गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या. खाणी दाराशी आल्या होत्या. हे ठराव गाडगीळ गटाच्या अहवालात नमूद झाले. तज्ज्ञांच्या कागदात गावाचा आवाज उतरतो तो असा: ठराव, तारीख आणि नेमकी मागणी.

पाचवी पायरी दुसऱ्या समितीची. ऑगस्ट 2012 मध्ये के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली कार्यगट नेमला गेला, त्याचा अहवाल एप्रिल 2013 मध्ये आला. याने चौकोन सोडून गाव हा घटक धरला. उपग्रहाच्या चित्रांवरून समृद्ध, न तुटलेलं, विरळ वस्तीचं क्षेत्र ठरवलं आणि ज्या गावाचं 20 टक्के किंवा त्याहून जास्त क्षेत्र त्यात येतं, ते सगळं गाव यादीत घातलं. बारकावा वाढला, पण चर्चा आटली. 20 टक्के रान असलेलं गाव आणि 95 टक्के रान असलेलं गाव एकाच रांगेत आलं.

सहावी पायरी मसुदा अधिसूचना, म्हणजे ‘असा नियम करायचा विचार आहे, हरकत असेल तर सांगा’ अशी राजपत्रातली सूचना. राजपत्र लोकांना उपलब्ध झाल्यापासून 60 दिवसांची मुदत असते. ठराविक काळात अंतिम अधिसूचना निघाली नाही तर मसुदा बाद होतो आणि नवा काढावा लागतो. म्हणून 2014, 2015, 2017, 2018, 2022 आणि 2024 असे सहा मसुदे झाले. 26 सप्टेंबर 2024 रोजी कर्नाटक मंत्रिमंडळाने कस्तुरीरंगन अहवाल नाकारला, पण मसुदा केंद्राचा असल्यामुळे तेवढ्याने विषय मिटत नाही.

आता आपलं काम. आधी यादीत गाव शोधा. ‘जोयडा’ सापडलं नाही तर ‘सुपा’ शोधा. काळी नदीवरच्या धरणाच्या पाण्यात जुनं सुपा गेलं, कचेरी जोयड्याला आली, तरी जनगणनेत तालुक्याचं नाव सुपाच आहे. यादीत महसुली गाव असतं, आपला वाडा वेगळा दिसणार नाही. इंग्रजी स्पेलिंगही आपल्या उच्चाराशी जुळेलच असं नाही. पंचायत विकास अधिकाऱ्याकडून (पीडीओ) महसुली नाव पक्कं करून घ्या.

मग तीन कायदे वेगळे करा, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. काळी व्याघ्र प्रकल्प आणि त्यातून होणारं पुनर्वसन 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली. कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्याखाली. हा मसुदा तिसऱ्याच, 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली. जमिनीच्या पट्ट्याची तक्रार या मसुद्यावरच्या हरकतीत लिहिली तर ती फायलीत पडून राहते. जोयड्याच्या कुणब्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा नसल्यामुळे तीन पिढ्यांचा पुरावा मागितला जातो. तो प्रश्न खरा आणि कळीचा आहे, पण त्याचा अर्ज वनहक्क समितीकडे द्यायचा.

मसुद्यात काय आहे ते मूळ कागदावरून तपासा. खाणी, दगडखाणी आणि वाळूउपसा यांवर पूर्ण बंदी आहे, चालू खाणी अंतिम अधिसूचनेपासून पाच वर्षांत किंवा भाडेपट्टा संपताच बंद होतील. सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या ‘लाल’ वर्गातले नवे उद्योग आणि 20,000 चौरस मीटर व त्याहून मोठी बांधकामं यांनाही बंदी आहे. राहत्या घराची दुरुस्ती, वाढ किंवा जमिनीची मालकी बदलणं यांवर बंदी नाही. ‘गाव उठवणार’ असं कोणी सांगितलं तर ते वाक्य कोणत्या परिच्छेदात आहे ते विचारा.

यानंतर गावाचं स्वतःचं विचारमंथन घ्या. डेल्फीची युक्ती इथे छान लागू पडते. ग्रामसभेच्या आठवडाभर आधी वाड्यावाड्यात तीनच प्रश्न द्या: या नियमाने आपलं काय वाचेल, काय अडेल, कोणत्या जागेचं क्षेत्र चुकलंय? उत्तरं एकमेकांना न दाखवता गोळा करा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं म्हणणं शाळेतल्या मुलांनी उतरवून घ्यावं. बायका आणि गवळीवाड्यावरची मंडळी सभेत मागे बसतात, कागदावर मात्र त्यांचं म्हणणं इतरांच्या बरोबरीने येतं. नावं काढून सगळं वाचून दाखवा आणि पुन्हा एक फेरी घ्या.

व्हॉट्सअॅपच्या गटावर हे करू नका. रेंज असलेल्या गावचे चार जण तिथे बोलत राहतात, आणि ज्या वाड्यावर टेकडी चढल्याशिवाय सिग्नल येत नाही, तिथलं म्हणणं दोन दिवसांनी पोचतं. तोवर विषय ‘ठरलेला’ असतो.

शेवटी हरकत लिहिणं. ‘आम्हाला हा कायदा नको’ या एका ओळीचे पाचशे छापील कागद गेले, तरी मोजणाऱ्याच्या लेखी तो एकच मुद्दा असतो. त्याऐवजी परिच्छेद क्रमांक, सर्व्हे नंबर, हवा असलेला बदल आणि कारण असं क्रमाने लिहा. ठिकाणाचं छायाचित्र आणि हाताने काढलेला नकाशाही चालतो. बाजूने बोलायचं असेल तरीही असंच लिहा. पाठिंबाही नोंदवावा लागतो. ग्रामसभेचा ठराव कन्नडमध्ये असेल तर सोबत इंग्रजी सारांश जोडा. पाठवण्याचा पत्ता आणि ईमेल मसुद्यातच दिलेला असतो. ‘ग्राम वन’ (Grama One) सेवा केंद्रातून ईमेल करा, तीच प्रत स्पीड पोस्टानेही पाठवा आणि पावती पंचायतीच्या दप्तरी ठेवा.

साठ दिवस ऐकायला बरेच वाटतात. बातमी पोचेपर्यंत पंधरा-वीस गेलेले असतात, त्यात भातलावणी आली तर सभेला माणूस मिळत नाही. 2022 आणि 2024 चे दोन्ही मसुदे जुलैतच आले होते. म्हणून येत्या उन्हाळ्यातच ग्रामसभा घ्या, वाडा, रान, पाणी आणि बागा यांची नोंद करा आणि ठराव तयार ठेवा. पुढचा मसुदा आला की त्यावर फक्त परिच्छेद क्रमांक टाकायचे राहतील.