संयोगदांड्याच्या बोल्टांचे लांबणमापन

एंजिनाची जुळणी करताना संयोगदांड्याचे बोल्ट आवळल्यावर त्यांच्या लांबीत होणारी वाढ मोजून त्यांतील ताण ठरविण्याची पद्धत. दट्ट्या व भुजादंड यांना जोडणाऱ्या या दांड्याचे मोठे टोक दुभागलेले असून त्याची टोपी सामान्यतः दोन बोल्टांनी आवळतात.

ज्वलनाच्या वेळी दांडा दाबला जातो व बोल्टांवर फारसा भार येत नाही. त्यांची खरी कसोटी लागते ती उत्सर्जन धावेच्या शेवटी. तेव्हा दट्ट्यावर वायूचा दाब जवळजवळ नसतो आणि वर जाणाऱ्या दट्ट्याला थांबवून खाली ओढण्याचे काम बोल्टांनाच करावे लागते. हा भार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, उदा., भुजादंडाचा वेग मिनिटास ६,००० फेऱ्यांवरून ७,००० केल्यास तो सु. ३६ टक्क्यांनी वाढतो. बोल्टांतील मूळ ताण या भारापेक्षा अधिक असेल, तोवर जोड उघडत नाही व भारातील चढउतारांचा अल्प अंशच बोल्टांना जाणवतो. ताण अपुरा असल्यास बोल्ट पुनःपुन्हा ओढला जाऊन शिणवट्याने तुटतो आणि सुटलेला दांडा एंजिनाचा ठोकळाही फोडू शकतो. कमकुवत बोल्टाइतकाच कमी आवळलेला बोल्टही घातक असतो, तो यामुळेच.

नेहमीच्या जुळणीत टॉर्क पाना वापरतात. पण त्याचे वाचन फसवे असते. लावलेल्या परिपीडनापैकी सु. निम्मे माथ्याखालील व सु. ४० टक्के आट्यांतील घर्षणात खर्ची पडते. ताण निर्माण करण्यास जेमतेम दहावा हिस्सा उरतो. वंगण बदलले की हे गणित बदलते. लांबीतील वाढ मात्र घर्षणावर अवलंबून नसते. स्थितिस्थापक मर्यादेत ती हुक यांच्या नियमानुसार ताणाच्या प्रमाणात असते. पोलादाचा यंग गुणांक सु. २०५ गिगॅपास्काल धरल्यास, बोल्टाचा ३० मिमी. लांबीचा एकसारख्या जाडीचा भाग ०·१२ मिमी.ने लांबला असता त्यातील प्रतिबल सु. ८२० मेगॅपास्काल असते.

मापनासाठी बोल्टाच्या दोन्ही टोकांना बारीक खळगे ठेवलेले असतात. त्यांत टोके टेकवून सूक्ष्ममापकाने किंवा स्प्रिंगयुक्त तबकडी मापकाने प्रथम सैल बोल्टाची लांबी घेतात. मग उत्पादकाने दिलेली वाढ मिळेपर्यंत बोल्ट आवळतात. हाताच्या उबेचाही विचार करावा लागतो : ४० मिमी. लांबीचा बोल्ट १०° से.ने तापला, तरी सु. ०·००५ मिमी. लांबतो. बोल्टाचे दुसरे टोक दांड्यात बंद असेल, तर ही पद्धत वापरता येत नाही. तेथे ठरावीक कोनातून फिरवून आवळतात.

प्रत्येक बोल्टाची सैल स्थितीतील लांबी नोंदवून ठेवतात. खोलल्यावर तो सु. ०·०१ मिमी. जरी कायमचा लांबलेला आढळला, तरी पुन्हा न वापरणे इष्ट असते. कायमचे लांबेपर्यंत आवळण्यासाठीच बनविलेल्या बोल्टांना ही कसोटी लागू नाही. ते बहुधा एकदाच वापरतात.